खर्ज आणि ठेका

ड्रम अँड बेस हा इलेक्ट्रॉनिक संगीताचा प्रकार १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमध्ये, प्रामुख्याने लंडनमध्ये, आकाराला आला. जमैकातून आलेल्या स्थलांतरितांनी तेथे रुजवलेल्या साउंड सिस्टिमच्या, म्हणजे भल्यामोठ्या स्पीकरांच्या भिंती उभारून रेकॉर्ड वाजवण्याच्या, परंपरेतून त्याला खर्जाची ओढ मिळाली, तर ठेका मिळाला तो जुन्या अमेरिकन सोल व फंक रेकॉर्डमधील ड्रमच्या तुकड्यांतून. हे दोन्ही घटक एकाच वेळी पूर्ण ताकदीनिशी ऐकू यावेत, ही अपेक्षा वरवर साधी वाटली तरी ध्वनीच्या भौतिक नियमांशी तिचे फारसे जुळत नाही. म्हणूनच मिक्सिंग, म्हणजे वेगवेगळ्या आवाजांच्या पातळ्या व पोत जुळवून त्यांचे एकसंध ध्वनिमुद्रण घडवणे, हे काम येथे रचनेपासून वेगळे काढता येत नाही.

अडचणीचे मूळ मानवी कानात आहे. फ्लेचर व मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांतून असे स्पष्ट झाले की कान सर्व कंपनसंख्यांना सारखाच प्रतिसाद देत नाही: मध्यम पातळीवर ५० हर्ट्झचा सूर १००० हर्ट्झच्या सुराइतका मोठा भासण्यासाठी दहापटींहून अधिक ध्वनिदाब लागतो. खर्ज नुसता ऐकू यावा म्हणूनच त्याच्यावर इतकी ऊर्जा खर्च होत असेल, तर ड्रमसाठी उरते थोडी, कारण डिजिटल ध्वनिमुद्रणाला एक ठाम कमाल मर्यादा असते आणि ती ओलांडताच तरंगाचे माथे छाटले जाऊन आवाज फाटतो.

त्यात वेगाची भर पडते. या संगीताची लय मिनिटाला साधारण १७४ मात्रांची असल्यामुळे एक मात्रा सेकंदाच्या जेमतेम एक तृतीयांश काळ टिकते आणि तिच्या पाव भागात ५० हर्ट्झच्या तरंगाची केवळ चार आवर्तने बसतात. किक, म्हणजे पायाने वाजवल्या जाणाऱ्या मोठ्या ड्रमचा आघात, रेंगाळला तर तो पुढच्या स्वरावर सांडतो. शिवाय किक व बेस, म्हणजे खर्जातले स्वर, यांचे तरंग दहा मिलिसेकंदांच्या फरकाने सुरू झाले, तर ५० हर्ट्झच्या आसपास एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खोलगटावर येतो आणि दोन दणकट आवाज एकत्र येऊन पोकळ काहीतरी ऐकू येते. अशा वेळी नवशिका आवाज वाढवतो. अनुभवी माणूस किकची सुरुवात किंचित सरकवतो अथवा तिचा तरंग उलटा करून पाहतो.

यावरचा एक उपाय या शैलीला जवळजवळ आपसूकच सापडला होता. ‘द विन्स्टन्स’ या अमेरिकन गटाच्या ‘आमेन, ब्रदर’ या १९६९च्या गाण्यात ग्रेगरी कोलमन या वादकाने सुमारे सात सेकंद एकट्याने ड्रम वाजवले आहेत. हाच तुकडा सॅम्पलर या यंत्रात घेऊन, कापून, उलटसुलट जोडून असंख्य रचना घडल्या, आणि कोलमनला मात्र त्याचा मोबदला मिळाला नाही, हे या इतिहासातील लाजिरवाणे पान आहे. मूळची लय मिनिटाला १३६ मात्रांच्या आसपास होती; ती वाढवताना सॅम्पलर तुकडा नुसता जलद वाजवत असे, त्यामुळे त्याची पट्टीही तीन-चार अर्धस्वरांनी चढे आणि किकचा तळ वर सरके. ड्रम पातळ झाले, पण त्यांच्याखाली जी जागा रिकामी झाली तिथे रोलँड कंपनीच्या टीआर-८०८ या १९८०च्या यंत्रातील लांबलचक किकपासून बनवलेला खर्ज निर्वेधपणे पसरू शकला.

आज हीच वाटणी हेतुपूर्वक केली जाते. ४० ते ६० हर्ट्झचा पट्टा बहुधा सब-बेसला, म्हणजे सर्वांत खालच्या खर्जाला, देऊन किकचा गाभा ९०-१०० हर्ट्झच्या आसपास ठेवला जातो, आणि त्याखालचा तिचा भाग गाळणीने, म्हणजे ठराविक मर्यादेखालच्या कंपनसंख्या कमी करणाऱ्या फिल्टरने, काढून टाकला जातो. एकटी ऐकली तर ती किक किरकोळ वाटते. दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर पडणारा स्नेअर हा कडक ड्रम सुमारे २०० हर्ट्झवर भरदार ठेवतात, कारण या संगीताचा खरा कणा तोच असतो. किक थोडी दबली तर चालते, स्नेअर दबला तर नाचणाऱ्याचे पाऊल चुकते. झांजा आणि हाय-हॅट यांच्याबाबत कान शिणणार नाहीत इतके पाहिले तरी पुरते.

एवढे करूनही टक्कर उरतेच. ती टाळण्यासाठी साइडचेन ही युक्ती वापरतात: बेसवर आवाज दाबणारा कॉम्प्रेसर बसवून त्याचे नियंत्रण किककडे सोपवले जाते, जेणेकरून किक वाजताच बेस क्षणभर खाली जातो आणि लगेच परततो. हाउस संगीतात हा चढउतार मुद्दाम ठळक केला जातो, पण ड्रम अँड बेसमध्ये तो उघड जाणवला तर खर्ज धापा टाकत असल्यासारखा वाटतो, म्हणून येथे त्याचे अस्तित्व लपवण्यातच कसब आहे.

खर्ज दोन्ही स्पीकरांतून सारखाच यावा, असाही एक नियम आहे आणि त्यामागे एक यांत्रिक कारण होते. डाव्या-उजव्या वाहिन्यांतील खर्जाचे तरंग परस्परविरुद्ध असले तर व्हायनिल रेकॉर्डच्या खाचेत सुई वरखाली हेलकावते आणि उडूही शकते. या शैलीच्या सुरुवातीच्या काळी नवी रचना प्रथम डबप्लेटवर, म्हणजे लवकर झिजणाऱ्या ॲसिटेटच्या एकेरी तबकडीवर, कोरून घेत. उत्तर लंडनमधील म्युझिक हाउस येथे त्यासाठी डीजेंची रांग लागे. स्टुडिओच्या लहान खोलीत सात मीटर लांबीचा तरंग एका जागी फुगतो नि दुसऱ्या जागी जवळजवळ नाहीसा होतो, त्यामुळे मिश्रण बरे झाले की नाही याचा निवाडा तबकडी क्लबमध्ये वाजल्यावरच होई, आणि स्नेअर खर्जात बुडाला असेल तर निर्माता मिक्सरवर परतून बहुधा स्नेअर वाढवण्याऐवजी बेसच खाली ओढत असे.