बाहुलीची गोष्ट की गोष्टीची बाहुली?

दिवाळीच्या आधीच्या रविवारी बाजारात गेलात, तर एक साधा प्रयोग करून पाहा. शाळेत न्यायच्या पाण्याच्या दोन बाटल्या हाती घ्या. प्लॅस्टिक तेच, आकार तोच, झाकणही तेच. एकीवर काहीच नाही; दुसरीवर मुलांच्या आवडत्या चित्रपटातली निळ्या झग्याची राजकन्या उभी आहे. आता किमती पाहा. राजकन्येची बाटली बहुधा महाग निघेल. पाणी तर दोहोंत सारखेच मावते. मग हे वरचे पैसे कशाचे? चित्राला लागलेल्या शाईचे म्हणावे, तर ती काही एवढी महाग नसते. खरे उत्तर असे की, हे पैसे भाड्याचे आहेत. बाटलीवाल्याने ती राजकन्या भाड्याने आणली आहे, आणि ते भाडे शेवटी आपल्याच खिशातून जाते.

भाडे म्हटले की शहरातल्या मध्यमवर्गीय माणसाला फार समजावून सांगावे लागत नाही. या धंद्यातही घरमालक आहे, भाडेकरू आहे आणि एका अर्थी पागडीही आहे. नावाचा वा चित्राचा जो मालक, तो परवाना देतो. परवाना घेणारा विकलेल्या मालाच्या घाऊक किमतीवर ठरावीक टक्के त्याला देतो; ही झाली रॉयल्टी. माल खपो वा न खपो, अमुक एक रक्कम मिळालीच पाहिजे अशी हमी मालक बहुधा आधीच लिहून घेतो. ती पागडी समजा. शिवाय भिंतीला खिळा ठोकायचा तोही विचारून! झग्याचा निळा रंग कोणता, राजकन्येचे हसू केवढे, हे सारे मालकाकडून मंजूर करून घ्यावे लागते. मुदत सरली की नाव सोडून द्यायचे. मात्र एक खोली एका वेळी एकाच बिऱ्हाडाला देता येते. राजकन्या एकाच वेळी बाटलीवाल्याला, दप्तरवाल्याला आणि चादरवाल्याला देता येते, आणि तरीही ती झिजत नाही. असे घर कोणाला नको असेल?

या घराचा पाया घातला तो एका लेखिकेने. इंग्लंडात बिअॅट्रिक्स पॉटर या बाईंचे 'पीटर रॅबिट' हे सशाचे पुस्तक १९०२ साली प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी बाईंनी त्या सशाची कापडी बाहुली स्वतः तयार केली आणि सरकारी कचेरीत तिची रीतसर नोंद केली. मुलांच्या गोष्टीतून आधी पुस्तक निघावे आणि मग त्याच गोष्टीतून खेळण्याचा धंदा निघावा, याचे हे फार जुने उदाहरण. पुढे अमेरिकेत वॉल्ट डिस्ने यांच्या मिकी माउसने तोच कित्ता मोठ्या प्रमाणावर गिरवला. १९३३ साली, ऐन मंदीत, इंगरसोल कंपनीने मिकीचे हात काटे म्हणून फिरणारे मनगटी घड्याळ काढले आणि ते धडाक्याने खपले. या काळात नाते सरळ होते. गोष्ट सांगणारा घरमालक, खेळणे करणारा भाडेकरू. गोष्ट आधी जन्मत असे, बाहुली मागाहून. व्याकरणाच्या भाषेत सांगायचे, तर 'गोष्टीची बाहुली' अशी षष्ठी होती.

या भाड्याची ताकद किती, हे १९७७ साली दिसले. त्या वर्षी 'स्टार वॉर्स' हा चित्रपट अमेरिकेत झळकला. दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांनी चित्रपटाच्या नावाने माल विकण्याचे हक्क कराराच्या वेळीच स्वतःकडे राखले होते; ते पुढे सोन्याची खाण ठरले. बाहुल्या करण्याचा परवाना केनर नावाच्या कंपनीकडे होता. पण चित्रपट एवढा चालेल अशी कोणाला कल्पना! नाताळ आला आणि बाहुल्या तयारच नव्हत्या. तेव्हा केनरने काय करावे? एक पुठ्ठ्याचे पाकीट विकायला काढले. आत बाहुली नाही. चित्रे, काही चिकटवायच्या चिठ्ठ्या आणि एक कूपन. कूपन भरून पाठवा, बाहुल्या नव्या वर्षात टपालाने येतील! आईबापांनी नाताळची भेट म्हणून हा वायदा विकत घेतला. 'बाजारात तुरी' ही आपली म्हण. पण त्या बाजारात तुरी नसतानाही पैसे मोजले गेले, कारण मुलांना गोष्टीतले सवंगडी हवे होते.

हे पाहून खेळणी करणाऱ्यांच्या मनात आले, जन्मभर भाडे का भरावे? आपणच घर का बांधू नये? या विचाराची बीजे मात्र आधीच पडलेली होती. रूथ व एलियट हँडलर या दांपत्याने हॅरॉल्ड मॅटसन यांच्यासह १९४५ साली मॅटेल ही कंपनी काढली. पूर्वी खेळण्यांच्या जाहिराती नाताळपुरत्या येत. मॅटेलने १९५५ साली डिस्नेच्या 'मिकी माउस क्लब' या दूरचित्रवाणी कार्यक्रमात पाच लाख डॉलर मोजून वर्षभर जाहिराती केल्या आणि विक्रेत्याला वगळून थेट मुलाशी बोलायला सुरुवात केली. १९५९ साली त्यांची बार्बी आली. गंमत अशी की, तिचे रूप बेतले होते 'लिली' नावाच्या जर्मन बाहुलीवरून, आणि ती लिली होती एका वृत्तपत्रातल्या हास्यचित्रमालेतली. पण मॅटेलने बार्बीला स्वतःचे नाव, आडनाव, मित्र आणि भरगच्च कपाट दिले. बाहुलीला चरित्र मिळाले.

पुढचे पाऊल १९६९ साली पडले. मॅटेलच्या 'हॉट व्हील्स' या छोट्या मोटारींवर अमेरिकेत दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली. एका प्रतिस्पर्ध्याने सरकारदरबारी तक्रार केली की, हा कार्यक्रम नव्हे, ही अर्ध्या तासाची जाहिरात आहे! दळणवळण आयोगालाही ते बऱ्याच अंशी पटले आणि अशा मालिकांना काही काळ आळा बसला. १९८४ साली मात्र आयोगाने मुलांच्या कार्यक्रमांवरची जाहिरातींची मर्यादा उठवली आणि धरण फुटले. मॅटेलचा 'ही-मॅन' १९८२ साली बाहुला म्हणून जन्मला, त्याच्या खोक्यातच चित्रकथेची छोटी पुस्तिका होती. १९८३ साली त्याची मालिका आली. हीच मालिका आपल्याकडे दूरदर्शनवर लागली आणि घरोघरची मुले पट्टी उंचावून गर्जना करू लागली. मॅटेलची प्रतिस्पर्धी हॅस्ब्रो. तिच्या 'जी. आय. जो' या सैनिकांचेही तसेच. एमआरएफ या टायरवाल्या कंपनीने हॅस्ब्रोच्या सहकार्याने १९८७ साली फनस्कूल सुरू केली. तिचा कारखाना गोव्यात निघाला आणि अमेरिकेचे हे शिपाई भारतीय मुलांच्या हाती आले.

आता षष्ठी उलटली होती. 'गोष्टीची बाहुली' जाऊन 'बाहुलीची गोष्ट' आली होती. यात बिघडले काय, असे कोणी विचारील. त्याला १९८६ सालची एक हकीकत सांगावीशी वाटते. हॅस्ब्रोने जपानच्या ताकारा कंपनीची, मोटारीचे यंत्रमानव होणारी खेळणी घेऊन १९८४ साली 'ट्रान्सफॉर्मर्स' या नावाने आणली होती. नावे आणि कथा मार्व्हल या चित्रकथांच्या प्रकाशकाकडून लिहवून घेतल्या होत्या. त्यांचा नायक ऑप्टिमस प्राइम: शूर, दयाळू, मुलांना वडिलांसारखा वाटणारा. १९८६ च्या चित्रपटात हा नायक सुरुवातीलाच मरतो. का? कथेची गरज म्हणून नव्हे. दुकानातला जुना माल हटवून नवी खेळणी मांडायची होती, म्हणून! चित्रपटगृहात मुले हमसून रडली, पालकांची पत्रे आली, आणि १९८७ साली मालिकेत नायकाला पुन्हा जिवंत करावे लागले. ज्यांनी तो मारला, त्यांच्या लेखी तो एक संपलेला नमुना होता. मुलांच्या लेखी तो माणूस होता. या धंद्याचे मर्म आणि धोका, दोन्ही त्या रडण्यात आहेत.

या साऱ्यात एक खेळणे कित्येक वर्षे गोष्टीवाचून उभे होते. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावचे सुतार ओले कर्क क्रिस्टियानसेन यांनी १९३२ साली लाकडी खेळणी करायला सुरुवात केली. 'नीट खेळ' अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांतून त्यांनी 'लेगो' हे नाव जुळवले. एकमेकींत घट्ट बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या विटेच्या पेटंटसाठी अर्ज झाला १९५८ साली. आठ खुंट्यांच्या एकाच रंगाच्या फक्त सहा विटा घेतल्या, तर त्या ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ प्रकारांनी जुळवता येतात. म्हणजे गोष्ट खोक्यात नव्हती. ती मुलाच्या बोटांत होती.

पण पेटंटला मुदत असते. ती संपल्यावर इतरही कंपन्या तशाच विटा करू लागल्या. विटेचा आकार आमचा कायमचा मार्का माना, असे लेगोने म्हणून पाहिले. युरोपच्या न्यायालयाने २०१० साली ते फेटाळले. २०१५ साली मात्र लेगोच्या पिवळ्या चेहऱ्याच्या छोट्या माणसाचा मार्का तिथल्याच न्यायालयाने कायम ठेवला. वीट कोणाचीही, माणूस मात्र मालकीचा! नुसती वस्तू कोणीही करू शकतो, चेहरा, नाव आणि गोष्ट कोणाला उचलता येत नाही. खेळण्याच्या कंपन्या चित्रपटांच्या मागे का लागतात, याचे उत्तर या दोन निकालांत मिळते.

लेगोही १९९९ साली भाडेकरू झाली. 'स्टार वॉर्स'चा परवाना तिने घेतला. माल खपला. पण भाड्याच्या घराची खोड अशी की, ज्या वर्षी मोठा चित्रपट नाही त्या वर्षी खप खाली येतो. त्यात कंपनीने कपडे, घड्याळे, उद्याने असा पसारा मांडलेला. २००३ आणि २००४ ही वर्षे प्रचंड तोट्याची गेली. २००४ साली योर्गन विग नूडस्टोर्प या तरुण प्रमुखाकडे सूत्रे आली. त्यांनी पसारा आवरला, २००५ साली लेगोलँड उद्यानांतला मोठा हिस्सा विकला आणि कंपनीला पुन्हा विटेपाशी आणून उभे केले. पुढे २०१४ साली लेगोचा स्वतःचा चित्रपट आला. त्यात एक वडील आपली सुंदर रचना कोणी मोडू नये म्हणून विटा डिंकाने चिकटवू पाहतात, आणि मुलगा त्या मोडून नवे काही रचतो. एका कंपनीच्या चित्रपटाने मुलाची बाजू घ्यावी, हे पाहून बरे वाटले. जरी ते सांगण्यासाठी तिकीट आणि मागाहून खोकेही विकले गेले असले, तरी!

हा मार्ग सर्वांनाच फळतो असे नाही. २०२३ साली ग्रेटा गर्विग यांच्या 'बार्बी' चित्रपटाने जगभर १४० कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमवला. बार्बीच्या नावाने मॅटेल आता मोठी घरमालकीण झाली. त्याच वर्षी हॅस्ब्रोची उलटी तऱ्हा झाली. तिने २०१९ साली 'एंटरटेनमेंट वन' ही चित्रपट कंपनी सुमारे ४०० कोटी डॉलरना घेतली होती. तिचा चित्रपट-दूरचित्रवाणीचा धंदा २०२३ साली सुमारे ५० कोटींना विकावा लागला. 'पेपा पिग' ही मुलांची लाडकी डुकरीण मात्र हॅस्ब्रोने सोडली नाही. चित्रपटगृहे गेली तरी चालतील, नाव गेले तर चालणार नाही, एवढा हिशेब तिला पक्का कळला होता.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्या आज्यांच्या भातुकलीत एक लाकडी बाहुली असे. तिचे नाव ठकी. ते नाव कोणाच्या मालकीचे नव्हते, घरोघरी ठकीच. तिला चरित्र नव्हते, म्हणून दर दुपारी तिला नवे मिळे. आज ती सासुरवाशीण, उद्या मास्तरीण, परवा आजारी. म्हणून जुने ते सारे सोने, असे म्हणण्याचा मुळीच हेतू नाही. परवान्याच्या खेळण्यामागे बहुधा चांगली घडण असते, लेखक-चित्रकारांना त्यांचा वाटा मिळतो, आणि एखाद्या बुजऱ्या मुलाला तयार गोष्टीचे बोट धरून खेळायला सुरुवात करता येते. प्रश्न एवढाच की, ते बोट पुढे सुटते की नाही. खेळण्याचा नायक कसा बोलतो, कोणाशी लढतो, हे सारे आधीच ठरलेले असेल आणि दर वर्षी नवा भाग पाहून नवे खोकेच आणायचे असेल, तर मुलाच्या वाट्याला काय उरले?

म्हणून खरेदीच्या वेळी नावावर अंगठा ठेवून पाहावे. नाव झाकल्यावरही ते खेळणे घ्यावेसे वाटते का? आणि या नायकाला आपले मूल दुसऱ्याच एखाद्या गोष्टीत नेऊ शकेल का? दोन्ही उत्तरे 'होय' असतील, तर भाडे खुशाल भरावे. नाहीतर 'नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा' अशी गत व्हायची.

यात मुलांकडून शिकण्यासारखेही पुष्कळ आहे. दिवाळीत अंगणात किल्ला होतो, हळीव पेरून हिरवळ उगवते, कुंभाराकडचे मातीचे मावळे पहाऱ्याला उभे राहतात आणि सिंहासनावर महाराज बसतात. या खेळामागेही गोष्ट आहेच, आणि ती केवढी मोठी! पण ती सर्वांची आहे. तिचे भाडे कोणी मागत नाही. आजकाल नीट पाहिले, तर त्याच किल्ल्याच्या पायथ्याशी प्लॅस्टिकचा एखादा डायनासोर, एक स्पर्धेची मोटार आणि अमेरिकेतून आलेला यंत्रमानवही दिसतो. मोठ्यांना हे खटकते. मुले मात्र बुरुजावरच्या मावळ्याला त्या यंत्रमानवाशी बोलायला लावतात, आणि असे करताना कोणत्याही कंपनीचा परवाना विचारत नाहीत. तेवढा वेळ तरी तो यंत्रमानव त्यांचा असतो. तेव्हा यंदा किल्ल्यावरचा डायनासोर कोणी हलवू नये, एवढीच विनंती.