प्राणायाम कोणाजवळ शिकावा?

श्रोतेहो, लोहाराच्या भट्टीजवळ तुम्ही कधी ना कधी घटकाभर उभे राहिला असाल. आमच्या दारव्हा-दिग्रसच्या बाजूला मृगाच्या तोंडावर वखराच्या पासा पाजवून घ्यायला पूर्वी लोहाराकडे मोठी गर्दी होई. अशा वेळी नव्या पोराच्या हाती भाता दिला, की ते पोर जोर दाखवायला जाते. भसाभस वारा सुटतो, ठिणग्या उडतात, पाहणाऱ्यालाही मौज वाटते. पण म्हातारा लोहार लगेच ओरडतो, "हळू रे बापू, लोखंड जाळशील!" कारण लोखंड हवे तेवढेच तापले तर त्याला घडवता येते. त्यापलीकडे गेले तर ते जळते, ठिसूळ होते आणि घणाखाली तुटते.

योगशास्त्रात एका प्राणायामाचे नावच मुळी भस्त्रिका असे आहे. भस्त्रिका म्हणजे भाता. नाव ठेवणाऱ्याने फार विचार करून ठेवले असले पाहिजे. भाता चालवणे अवघड नाही, पण कोठे थांबावे हे कळणे अवघड आहे. आणि ते सांगायला शेजारी म्हातारा लोहार असावा लागतो. माझ्या आजच्या भाषणाचा विषय तोच आहे.

प्रथम माझीच फजिती सांगतो. मी यवतमाळला खोली घेऊन शिकत होतो. वय विशीचे. बसस्थानकावर योगाचे एक स्वस्त पुस्तक घेतले. त्यात सोळा मात्रांनी श्वास घ्यावा, चौसष्ट मात्रा कोंडावा आणि बत्तीस मात्रांनी सोडावा असे प्रमाण दिले होते. हे प्रमाण परंपरेतले आहे, खोटे नाही. पण ते कित्येक वर्षांच्या अभ्यासानंतरचे आहे, हे त्या पुस्तकाने सांगितले नाही आणि मला विचारायचे सुचले नाही. मी पहिल्याच आठवड्यात चौसष्टपर्यंत पोहोचण्याचा हट्ट धरला. त्याच्या आधी अर्धा अर्धा तास भस्त्रिका! एके दिवशी पहाटे ओठांभोवती मुंग्या आल्या, हाताची बोटे आपोआप वळली, डोळ्यांपुढे प्रकाश नाचू लागला. मला वाटले, झाले, कुंडलिनी जागी झाली! पुढे तीन आठवडे धड झोप नाही, छातीत धडधड, आणि उगाच रडू येई. घरी आईला सांगायची सोय नव्हती; ती म्हणाली असती, आधी ते पुस्तक चुलीत घाल.

शेवटी एका मित्राने मला शाळेतून निवृत्त झालेल्या एका व्यायामशिक्षकांकडे नेले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "भाऊ, तू श्वास घेऊन राहिला, का श्वासाशी कुस्ती खेळून राहिला?" मग म्हणाले, "उद्या डॉक्टरकडे जा. छाती तपासून घे. ते 'ठीक' म्हणाले तर परवा माझ्याकडे ये." डॉक्टरांनी ठीक सांगितले. त्यानंतर गुरुजींनी मला महिनाभर काय शिकवले म्हणाल? उताणे पडून राहायचे आणि आपला श्वास कसा चालला आहे ते नुसते पाहायचे. कोंडणे नाही, मोजणे नाही. मला तो अपमान वाटला होता. आज वाटते, ते औषध होते.

मला झाले काय, हे आता शरीरशास्त्राच्या भाषेत सांगता येते. सामान्य मोठा माणूस स्वस्थ बसला असता मिनिटाला सुमारे बारा ते अठरा श्वास घेतो. जोराजोराने श्वास घेतला म्हणजे शरीरात पुष्कळ प्राणवायू भरतो, अशी आपली समजूत असते. वास्तविक निरोगी माणसाच्या रक्तात प्राणवायू आधीच जवळजवळ भरलेला असतो, त्यात फारशी भर पडत नाही. उलट कार्बन डायऑक्साइड मात्र झपाट्याने बाहेर जातो. तो आपण टाकाऊ समजतो, परंतु रक्ताचा समतोल त्याच्यावर अवलंबून असतो. तो फार कमी झाला की मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, डोके हलके होते, ओठांना मुंग्या येतात, बोटे वळतात. त्याच्यावर पुन्हा दम कोंडून जोर केला, तर छातीतला दाब वाढून रक्तदाब वरखाली होतो आणि क्वचित माणूस भोवळ येऊन पडतो. म्हणजे ज्याला मी कुंडलिनी म्हणत होतो, ती निव्वळ भात्याची घाई होती.

मग कुंडलिनी खोटी का? श्रोतेहो, इतक्या घाईने तसे म्हणता येणार नाही. शवविच्छेदन करून दाखवता येईल असा तो अवयव नव्हे, एवढे निश्चित. परंतु दीर्घ अभ्यासात साधकांना उष्णता, कंप, आनंद, भय असे अनुभव येतात आणि त्या अनुभवांची एक भाषा आपल्याकडे शतकानुशतके चालत आली आहे. मराठी माणसाला ती भाषा दिली ज्ञानेश्वरांनी. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०, हा ज्ञानेश्वरीचा काळ. तिच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीच्या जागृतीचे विस्तृत वर्णन आहे आणि या मार्गाला त्यांनी पंथराज असे नाव दिले आहे. पुष्कळांना ते रोमांचक वर्णन तेवढे आठवते. त्याच्या आधी काय आहे ते मात्र आठवत नाही. आधी जागा कशी निवडावी ते आहे, आसन कसे घालावे ते आहे, बंध कसे बांधावेत ते आहे. आणि गीतेचा तो अध्यायच मुळी खाणे, झोपणे, जागणे आणि काम करणे बेताचे असावे असे सांगतो.

दुसरी गोष्ट अशी की, ज्ञानेश्वर स्वतः हे कोठून शिकले? परंपरा सांगते की, त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीवर गहिनीनाथांनी निवृत्तिनाथांना उपदेश केला आणि निवृत्तिनाथांनी तो धाकट्या भावाला दिला. ज्याच्या प्रतिभेला तोड नाही असा पुरुषही आपल्या ग्रंथात पदोपदी निवृत्तिनाथांचे ऋण सांगतो. मग बसस्थानकावरच्या पुस्तकावर विसंबणारे तुम्ही-आम्ही कोण?

आता दुसरे उदाहरण घेऊ, आपल्या काळाला जवळचे. जगन्नाथ गणेश गुणे हे १८८३ साली जन्मले. माझ्यासारखाच शिक्षकी पेशा. अमळनेरच्या खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या संस्थेत ते काम करीत. बडोद्यात राजरत्न माणिकरावांजवळ त्यांनी आधी व्यायाम केला, शरीर कमावले, आणि पुढे १९१९ साली नर्मदाकाठी मालसर येथे परमहंस माधवदासजी यांच्याजवळ ते योग शिकले. क्रम लक्षात घ्या : आधी शरीर, मग श्वास. हेच पुढे स्वामी कुवलयानंद म्हणून प्रसिद्धीस आले. १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले.

त्यांचे वैशिष्ट्य हे की, गुरूवर श्रद्धा ठेवूनही त्यांनी मोजपट्टी सोडली नाही. नौली या क्रियेत पोटाच्या आत दाब किती उतरतो हे त्यांनी यंत्र लावून पाहिले, क्ष-किरणांचा उपयोग केला आणि आतड्यात निर्माण होणाऱ्या त्या पोकळीला आपल्या गुरूंचेच नाव दिले. प्राणायामाचे मोठेपण जास्त प्राणवायू मिळण्यात नाही, हेही त्यांनी प्रयोगांच्या आधारे सांगितले. १९२७ साली गांधीजींचा रक्तदाब वाढला, तेव्हा गांधीजींनी आसनांच्या बाबतीत त्यांचा सल्ला घेतला होता. श्रद्धा आणि तपासणी यांचे भांडण नाही, हे दाखवून ते १९६६ साली निवर्तले.

आपल्या विदर्भातही ही शिस्त रुजली. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे. नागपुरात जनार्दनस्वामींनी १९५१ साली योगाभ्यासी मंडळ सुरू केले. तेथेही आरंभ साध्या आसनांपासून होतो आणि शिकवणी विनामूल्य. माझे गुरुजी याच वळणाचे.

याच्या उलट बाजूचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. काश्मीरचे गोपी कृष्ण, जन्म १९०३, हे सरकारी नोकरीतले गृहस्थ. सतरा वर्षे पहाटे नेमाने ध्यान करीत. १९३७ च्या डिसेंबरात जम्मूला ध्यानात असताना त्यांना एक विलक्षण अनुभव आला, आणि त्यामागोमाग झोप उडाली, अंगाचा दाह होऊ लागला, अन्न नकोसे झाले, वेड लागते की काय अशी भीती बसली. हे का होते आणि काय करावे ते सांगणारा जाणता जवळ नव्हता. सावरायला त्यांना वर्षे लागली. १९६७ साली त्यांनी ही हकिकत पुस्तकरूपाने जगापुढे मांडली. ते सावरले, लिहू शकले. म्हणून आपल्याला कळले. जे सावरले नाहीत त्यांची पुस्तके होत नाहीत.

म्हणून गुरूचे काम काय, ते नीट समजून घेऊ. आपल्या भागात 'गुरू' हा शब्द काही परका नाही. पैनगंगा ओलांडली की माहूरगड, दत्तात्रेयांचे स्थान. घरोघर गुरुचरित्राची पारायणे. पण मंत्र देणारा गुरू वेगळा आणि श्वास शिकवणारा गुरू वेगळा. मी दुसऱ्याविषयी बोलतो आहे. तो शक्ती देत नाही, तो पाहतो. शिष्याचा चेहरा लाल झाला का, खांदे वर चढले का, श्वास सोडताना घशात झटका बसतो का, हे शिष्याला स्वतःला दिसत नाही. हठयोगाच्या जुन्या ग्रंथांनी प्राणाला रानटी जनावराची उपमा दिली आहे ती याच कारणासाठी. जनावर हळूहळू माणसाळते. घाई केली तर माणसाळवणाऱ्यावरच उलटते.

असा शिक्षक ओळखावा कसा? मला काही खुणा सांगता येतील. चांगला शिक्षक तुमच्याकडून काही घेण्याआधी तुम्हाला प्रश्न विचारतो. रक्तदाब आहे का, हृदयाचा काही त्रास, फेफरे, अंतर्गळ, डोळ्यातला दाब? पोटाची शस्त्रक्रिया अलीकडे झाली आहे का? बाई गरोदर आहे का? पूर्वी कधी मनाचा आजार झाला होता का? यांपैकी काही असेल तर तो जोराची भस्त्रिका, कपालभाती आणि श्वास कोंडणे वगळतो आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यायला लावतो. तो चालू औषध बंद करायला सांगत नाही. घरच्यांपासून काही लपवायला सांगत नाही. इतक्या दिवसांत इतके चक्र उघडून देतो, असा सौदा करीत नाही. आणि सर्वांत मोठी खूण म्हणजे, तो "आज पुरे" असे म्हणतो. ज्याला "पुरे" म्हणता येत नाही, त्याच्या हाती आपला श्वास देऊ नये.

एक गोष्ट मोठ्या तळमळीने सांगतो. घरातल्या मुलाला वा मुलीला झोप येईनाशी झाली, नसते आवाज ऐकू येऊ लागले, झटके आले, तर "साधना फळाला आली" म्हणून ओवाळत बसू नका. त्याच दिवशी अभ्यास थांबवा आणि दवाखान्यात न्या. साधना असेल तर ती दोन महिन्यांनीही करता येईल. उपचाराला झालेला उशीर मात्र भरून निघत नाही. खऱ्या गुरूला याचा राग येत नाही. माझ्या गुरुजींनी तर मला आधी तिकडेच पाठवले होते.

आता कोणी म्हणेल, "प्राध्यापक महाशय, आमच्या खेड्यात शिक्षक मिळत नाही, मोबाईलवर मात्र शंभर मिळतात. मग आम्ही काही करूच नये का?" जरूर करावे. पण मोबाईलवरचा शिक्षक तुम्हाला दिसतो. तुम्ही त्याला दिसत नाही, एवढे ध्यानात ठेवा. म्हणून ज्यात धोका नाही तेवढेच एकट्याने करावे. जेवणानंतर तीन-चार तासांनी, मोकळ्या हवेत, पाठ ताठ ठेवून बसावे. श्वास नाकाने संथ घ्यावा आणि त्याहून थोडा अधिक वेळ लावून सोडावा. कोंडू नये, जोर करू नये. पाच मिनिटे पुरेत. करताना बाजूच्या माणसाशी सहज बोलता आले पाहिजे. दम लागत असेल तर चुकते आहे असे समजावे. चक्कर, धडधड किंवा भीती वाटली की सोडून द्यावे. संथ श्वासाने मन निवते, हा अनुभव एवढ्यावरही येतो. श्वास कोंडणे, बंध आणि जलद श्वासाचे प्रकार मात्र कोणाच्या तरी नजरेखालीच करावेत.

माझे गुरुजी आज हयात नाहीत. त्यांनी दुसऱ्या वर्षी मला थोडा कुंभक शिकवला. पहिल्या दिवशी किती, तर चार मात्रा. मी म्हटले, "गुरुजी, पुस्तकात तर चौसष्ट आहेत." ते हसून म्हणाले, "पुस्तकाले छाती नसते, भाऊ. तुले आहे."

त्या चारांचे चौसष्ट अजून झालेले नाहीत, आणि त्याबद्दल मला खंतही नाही. झोप चांगली लागते, वर्गात आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचतो, आणि राग आला तर एक श्वास मध्ये घालता येतो. भात्याजवळ बसलेल्या पोराला आणखी काय हवे?