डाळ शिजत नाही, म्हणून पाणी वाईट?

मंडळी, बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, हंड्याला पांढरे पूट चढते. म्हणून काही घरांतून पिण्यासाठी ओढ्याचे पाणी आणतात. चवीला गोड, आणि डाळही मऊ! इथेच फसगत होते. दुष्फेन पाण्यात असतात ते कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार. साबणाशी त्यांचा साका होतो, एवढेच. २०१२ च्या भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत कठीणपणा चांगला, दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालतो. ओढ्याच्या गोड पाण्यात मात्र पटकीचे, विषमज्वराचे जंतू असू शकतात, आणि ते काही फेसावरून कळत नाहीत.

पाणी खळखळ उकळावे. जंतू मरतात, शिवाय बायकार्बोनेटचे क्षार तळाला बसतात. वरचे निवळ पाणी डाळीला घ्या, बघा शिजते की नाही! सल्फेटचा कठीणपणा उकळून जात नाही. तिथे कपड्यांपुरता धुण्याचा सोडा टाकावा. तुरटीने गढूळपणा जातो, कठीणपणा नव्हे.

गुरुजींनी दोन बाटल्यांत पावसाचे आणि बोअरचे पाणी सारखे घ्यावे, सारखाच साबण किसून टाकावा नि मुलांना हलवायला सांगावे. साबणच हवा हं, कपड्यांची पावडर नको. तिला दोन्हीकडे फेस येतो.