हिऱ्याचे ग्राफाइट का होत नाही?

सराफाच्या तिजोरीतील हिरा आणि पेन्सिलीतील काळे ग्राफाइट ही दोन्ही कार्बनचीच रूपे असून, नेहमीच्या तपमानाला व दाबाला ग्राफाइटच अधिक स्थिर, असा निर्वाळा ऊष्मागतिकी बिनदिक्कत देते. मग पिढीजाद हिरे काळवंडत का नाहीत? कारण हे शास्त्र उताराची दिशा तेवढी सांगते, मुदत सांगत नाही. मुदतीचा जिम्मा रासायनिक गतिकीचा: हिऱ्यातील प्रत्येक अणू चार शेजाऱ्यांशी जखडलेला, ते बंध तुटल्यावाचून नवी रचना होणे नाही, आणि हा मधला घाट चढण्याइतकी ऊर्जा अणूंना खोलीच्या उष्णतेत लाभत नाही. १८८९ साली स्वीडनच्या अऱ्हेनिअसने तपमान आणि वेग यांची सांगड घातली, ती याच घाटाच्या आधारे. निर्वात भट्टीत सुमारे १,५०० अंश सेल्सिअसच्या वर मात्र हिरा ग्राफाइट होऊ लागतो. उघड्या हवेत तो त्याआधीच जळून जातो, हे सराफाने ध्यानात ठेवलेले बरे.