देव बरें करूं : पीक हाती येण्याआधीचे आभार

गोव्यात कोणाचे आभार मानायचे असले की आम्ही 'देव बरें करूं' म्हणतो. देव तुझं भलं करो, एवढाच त्याचा अर्थ. हिंदू घरात म्हणतात, ख्रिस्ती घरातही म्हणतात. मराठीत 'मी आभारी आहे' म्हणताना आपण स्वतःबद्दल काहीतरी सांगत असतो. 'देव बरें करूं' म्हणताना मात्र आपण समोरच्या माणसासाठी देवाकडे काहीतरी मागतो. परतफेड करायला आपल्याकडे काही नसलं तरी हे मागणं मागता येतं. हातात काही नसताना माणूस आभार कसे मानतो आणि श्रद्धा कशी टिकवतो, यावर आज थोडं लिहायचं आहे.

मी मूळचा डिचोली तालुक्यातल्या मयेचा. बाहेरच्या लोकांना मये म्हटलं की तलाव आठवतो. आमच्यासाठी मये म्हणजे कुळागरं, डोंगराची लाल माती आणि पावसाळ्यात चार महिने ओलं राहणारं अंगण. डिचोली, सत्तरी, पेडणे हा भाग पोर्तुगिजांच्या हाती आला तो १७८० च्या दशकात, म्हणजे तिसवाडी, बार्देश, साष्टीनंतर जवळजवळ अडीचशे वर्षांनी. त्यामुळे आमच्याकडे ख्रिस्ती घरं थोडी. माझी प्राथमिक शाळा मराठी, शेजार हिंदू, घरात बोलणं कोकणी आणि प्रार्थना कोकणीतली. लोक विचारतात, "ख्रिस्ती असून मराठी इतकं चांगलं कसं?" मी त्यांना फादर थॉमस स्टीफन्सची आठवण करून देतो. हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि त्याने सुमारे अकरा हजार ओव्यांचं 'क्रिस्तपुराण' मराठीत रचलं. ते १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं. मराठीत येशूची भक्ती करण्याला चारशे वर्षं उलटून गेली आहेत.

पहिलं कणीस

आमच्याकडे ख्रिस्ती लोकांचा एक सण आहे, 'कणसाचें फेस्त'. नव्या भाताचं फेस्त. साष्टीतल्या रायच्या चर्चमध्ये ते ५ ऑगस्टला होतं, ताळगावला २१ ऑगस्टला. बऱ्याच गावांत ८ सप्टेंबरला, मरियेच्या जन्मदिवशी, कणसांना आशीर्वाद देतात. त्याआधी नऊ दिवस मुलं फुलं घेऊन चर्चमध्ये जातात. पाद्री शेतात जाऊन विळ्याने पहिली कणसं कापतात, ती वाजतगाजत चर्चमध्ये येतात, वेदीवर ठेवली जातात आणि मग एकेक कणीस घरोघरी जातं. लोक ते देव्हाऱ्यात ठेवतात. आमच्या हिंदू शेजाऱ्यांकडेही चवथीच्या दिवसांत 'नवें' असतं. कणसांची पूजा होते आणि ती दारावर बांधतात. एकाच मातीतले हे दोन सण आहेत.

यातली एक गोष्ट मला बऱ्याच उशिरा लक्षात आली. ऑगस्टमध्ये पीक कुठे तयार असतं? लवकर पेरलेल्या एखाद्या तुकड्यात चार कणसं पिकलेली असतात. बाकीचं शेत हिरवंगार असतं. कापणी व्हायला ऑक्टोबर उजाडतो. मधल्या काळात वारा आहे, परतीचा पाऊस आहे, रानडुकरं आहेत. कोठारात एक दाणा आलेला नसतो आणि शेतकरी देवाचे आभार मानून मोकळा होतो.

ख्रिस्ती उपासनेच्या मुळाशीही हेच आहे. मिस्सेतल्या मुख्य विधीला 'युखरिस्त' म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आहे आभार मानणं. येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी भाकर हातात घेऊन देवाचे आभार मानले, ती त्याला पकडून नेण्याची रात्र होती. म्हणजे ज्या आभारांची आठवण आम्ही दर रविवारी करतो, ते संकट टळल्यावर मानलेले आभार नाहीत. संकट दारात उभं असताना मानलेले आहेत.

ज्या जमिनीचा कागद नाही

मयेच्या माणसाला हे समजवायला फार लांब जावं लागत नाही. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. गावातली बरीच जमीन मयेच्या कोंदाच्या, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या काउंटच्या नावावर होती. ती 'स्थलांतरितांची मालमत्ता' ठरली आणि १९६४ च्या कायद्याने सरकारी कस्टोडियनकडे आली. गोवा मुक्त झाला, पण मयेच्या लोकांची जमीन अडकून राहिली. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी माड-पोफळी लावल्या, घरं बांधली, त्यांच्या नावावर घराखालची जमीन नव्हती. बँकेत कर्ज मागायला गेलं की कागद विचारणार, आणि कागद कुठून आणणार? लोकांनी मोर्चे काढले, निवेदनं दिली, पिढ्या बदलल्या. अखेर २०१४ मध्ये विधानसभेने यासाठी वेगळा कायदा केला. त्यानंतरही घरोघरी सनद पोचायला वेळ लागत गेला.

या सगळ्या वर्षांत गावात जत्रा थांबली नाही, चवथ थांबली नाही, नाताळात क्रिब बांधणं थांबलं नाही. जी जमीन कागदावर आपली नाही तिच्यात पिकलेल्या भाताचं पहिलं कणीस लोकांनी देवापुढे ठेवलं. आणि दुसऱ्या दिवशी हक्कासाठी मोर्चातही गेले. कृतज्ञ माणसाने अन्याय गुपचूप सोसावा, असा काही जणांचा समज असतो. माझ्या गावाने मला तसं शिकवलं नाही.

खाणी थांबल्या तेव्हा

२०१२ साल डिचोलीतला कोणीही विसरणार नाही. सप्टेंबरमध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. धुळीने भरलेले रस्ते एका रात्रीत मोकळे झाले. खाणींनी शेतं आणि झरे बिघडवले होते, हे खरंच. पण ज्यांची चूल त्या धुळीवर पेटत होती त्यांचं काय? आमच्या घरी कर्जावर घेतलेला एक ट्रक होता. मी नुकताच बी.ई. झालो होतो, नोकरी अजून लागली नव्हती, आणि अंगणात तो ट्रक ताडपत्री घालून उभा होता. हप्ता मात्र उभा राहत नाही, तो दर महिन्याला येतोच.

आमच्याकडे रोज संध्याकाळी तेर्स, म्हणजे रोझरीची प्रार्थना होत असे. प्रार्थना संपली की आम्ही मुलं मोठ्यांकडे 'बेसांव' मागायचो, म्हणजे आशीर्वाद. त्या वर्षी वडिलांनी तेर्साला बसणं सोडलं. बाहेर सोप्यावर एकटे बसून राहायचे. आईने त्यांना कधी बोलावलं नाही, रागावली नाही, कोणाकडे गाऱ्हाणंही केलं नाही. तिने फक्त प्रार्थना थोडी मोठ्याने म्हणायला सुरुवात केली, सोप्यावर ऐकू जाईल इतकी. आणि आम्हाला सांगितलं, "बेसांव मागायला बाहेर जा. आशीर्वाद द्यायचा त्यांचा मान अजून त्यांच्याकडेच आहे."

आम्ही रोज बाहेर जायचो. वडील डोक्यावर हात ठेवायचे, शब्द पुटपुटायचे. सहा-सात महिने असे गेले. गावातल्या दुकानदाराने उधारीची वही चालू ठेवली आणि पैशांचं नाव काढलं नाही. त्याचाही धंदा बसला होता, कारण ट्रकवाले त्याचेच गिऱ्हाईक. पुढे ट्रक मिळेल त्या किमतीला गेला, वडील दुसऱ्याचा टेंपो चालवू लागले. मग एके दिवशी ते न बोलावता तेर्साला येऊन बसले. शेवटी आमच्याकडे कोणा ना कोणासाठी एक प्रार्थना म्हणायची पद्धत आहे. वडिलांनी पहिली म्हटली ती ट्रकवर त्यांच्याबरोबर असलेल्या क्लीनरसाठी, जो काम सुटल्यावर गावी निघून गेला होता. दुसरी त्या दुकानदारासाठी.

श्रद्धा टिकते म्हणजे काय होतं, ते मी त्या सहा-सात महिन्यांत पाहिलं. वडिलांची श्रद्धा तेव्हा आईने सांभाळली आणि आईला शेजाऱ्यांनी सांभाळलं. एकट्याने धरून ठेवण्याची ती वस्तूच नाही.

लक्ष्मीबाईंचं उदाहरण

मराठीत हा विषय निघाला की मला लक्ष्मीबाई टिळकांकडे जावंसं वाटतं. १८९५ मध्ये रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. पदरात लहान दत्तू, नवरा धर्माबाहेर गेलेला आणि आधार नातेवाइकांचा. काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. त्या रडल्या, रागावल्या, आणि हे त्यांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये लपवलेलं नाही. १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःच्या वाटेने, स्वतःला पटल्यावर. पुढेही सुख चालून आलं असं नाही. घरात पैसा टिकत नसे, कारण टिळकांचा हात सढळ. दुष्काळातली अनाथ मुलं घरात आली, ती त्यांनी वाढवली. १९१९ मध्ये टिळक गेले. त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' शाळेत न शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं.

'स्मृतिचित्रे' वाचताना आश्चर्य वाटतं ते हे, की इतक्या हालअपेष्टांच्या पुस्तकात इतकं हसू कसं? मला वाटतं, त्यांनी माणसांचा हिशोब ठेवला, दुःखाचा ठेवला नाही. कोणी आसरा दिला, कोणी दोन घास दिले, ते सगळं त्यांना आठवतं.

तक्रारीलाही जागा आहे

बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं आहेत. त्यांतली कितीतरी सरळ तक्रारीची आहेत. देवा, कुठे आहेस, किती दिवस वाट पाहू, असा सूर. लहानपणी मला ते विचित्र वाटे. आता वाटतं, जो देवाशी भांडतो त्याने देवाला सोडलेलं नसतं. वडील सोप्यावर बसून होते, घर सोडून गेले नव्हते. संत पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला आभार मानायला सांगितलं ते प्रत्येक परिस्थितीत राहून. प्रत्येक परिस्थितीबद्दल नव्हे. नोकरी गेली याबद्दल देवाचे आभार कोणी मानू नयेत. नोकरी गेलेल्या दिवसातही आभार मानण्यासारखं काहीतरी असतं, एवढंच.

माझ्या क्षेत्रात हे रोज लागतं. सकाळी मेल उघडला की आपलं नाव कपातीच्या यादीत आहे का, ही धाकधूक आता बहुतेक इंजिनियरांना ओळखीची आहे. घराचा हप्ता आहे, आईचा मधुमेह आहे. मयेला घरून काम करायला बसलो की पावसात वीज जाते आणि मीटिंगच्या मधोमध पडदा काळा होतो. यातलं काहीही प्रार्थनेने बदललेलं नाही. लॅपटॉप उघडण्याआधी मी कालच्या दिवसात मदत केलेल्या एका माणसाचं नाव घेऊन प्रार्थना करतो. कधी रात्री दोन वाजता सर्व्हर उठवून देणारा सहकारी, कधी वीज जोडायला भर पावसात खांबावर चढलेला लाइनमन. त्याने माझी धाकधूक जात नाही, पण ती एकटी राहत नाही.

वाचकहो, तुमचा धर्म कोणताही असो, दोन गोष्टी करून पाहा. आभार मोघम मानू नका, माणसाचं नाव घ्या. आणि सगळं सुरळीत होण्याची वाट पाहू नका. तसा दिवस कदाचित येणार नाही, आणि शेतात चार कणसं आत्ताही पिकलेली असतील. घरात कोणी सोप्यावर एकटं बसलं असेल तर त्याला ओढून आत आणू नका. फक्त आपला आवाज त्याच्यापर्यंत जाईल इतपत ठेवा.