डोह राहिला तर गळ

मत्स्यव्यवसायाला शेतीसमकक्ष दर्जा देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २२ एप्रिल २०२५ ला घेतला. शेतीच्या दराने वीज, किसान क्रेडिट कार्ड, विमा यांवर बरंच बोलून झालं आहे. माजलगाव आणि मांजरा धरणांच्या पाण्यावर पोट असलेल्या भोई कुटुंबांना त्याचा लाभ मिळालाच पाहिजे. पण या साऱ्या चर्चेत मासा म्हणजे रोहू-कटला आणि पाणी म्हणजे धरण नाहीतर शेततळं, असंच धरून चाललेलं दिसतं. नदी आणि नदीचा मासा त्यात फारसा कुठे नाही.

सुट्टीत कुलू-मनालीला जाऊन आलेली मंडळी तिथल्या ट्राऊटच्या गोष्टी सांगतात. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा, त्याला वजन जवळजवळ नाही, म्हणून जाड दोरीच हवेत झुलवून तो अलगद पाण्यावर उतरवायचा. याला फ्लाय फिशिंग म्हणतात. आपल्या बालाघाटातही डोंगर आहे, नदी आहे, मग इथे का नाही, असा प्रश्न मला दोन-तीनदा तरी विचारला गेला.

याचं उत्तर पाण्याच्या श्वासात आहे. दहा अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तीस अंशांना तो साडेसातवर येतो. ट्राऊटला वीस अंशांच्या पुढे त्रास सुरू होतो. हा मासा मुळात हिमालयातलाही नाही. काश्मीरच्या थंड ओढ्यांत तो १९०० च्या सुमारास ब्रिटनहून अंडी आणून रुजवला गेला. मांजरा, सिंदफणा, बिंदुसरा या तिन्ही नद्या पाटोदा तालुक्यातल्या डोंगरात उगम पावतात खऱ्या, पण त्यांच्या माथ्यावर बर्फ नाही. पावसाळा सरला की धार बारीक होते, चैत्रात तुटते. मग नदी म्हणजे मागे उरलेले डोह.

त्या डोहांतला मासा या उन्हाळ्यासाठीच घडलेला आहे. मरळ पाण्याबाहेर तोंड काढून थेट हवा घेते, चिखलातही तग धरते, आणि नर-मादी दोघं पिल्लांची राखण करतात. तिला नाकतोडा किंवा बेडूक लागतो. ज्वारीच्या धांड्याचा तुकडा तरंगता ठेवून किंवा शिशाचं वजन न लावता नाकतोडा नुसता पाण्यावर खेळवणारी पोरं ट्राऊटवाल्याचीच युक्ती करत असतात. त्यांचा किडा खरा असतो, एवढाच फरक.

दख्खनच्या माशांचं ज्ञान कुणाकडे होतं, याची एक साक्ष मला फार मोलाची वाटते. विल्यम हेन्री साइक्स हा कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी. भीमेच्या खोऱ्यात हिंडून त्याने माशांचं वर्णन लिहिलं, १८३९ मध्ये ते शास्त्रजगापुढे आलं. त्याने माशांना लॅटिन नावं दिली, पण त्यांतल्या अनेकांचा दुसरा शब्द नदीकाठचाच ठेवला: खुद्री, कोलस, सींगटी, नुकता, पोटेल, बोगट. आज जगातला कुठलाही मत्स्यशास्त्रज्ञ दख्खनच्या महसीरला टॉर खुद्री म्हणतो, तेव्हा तो नदीकाठच्या माणसाचा शब्द उच्चारत असतो. नाकावर उंचवटा असलेला नुकता आणि काट्याने हात फोडणारी सींगटी वेगळी ओळखायला कुठल्या पुस्तकाची गरज नव्हती, जाळं ओढणाऱ्याला ते ठाऊक होतं. ही नावं आज गेवराई-माजलगावच्या पोरांना सांगता येतील का? मला शंका आहे. तिलापिया मात्र सगळ्यांना माहीत आहे.

नावं विसरण्यामागे डोह बुजणं आहे. वाळू उपसली की नदीचा तळ खरवडला जातो, पाणी धरून ठेवणारा थर जातो, आणि एप्रिलमध्ये ज्या खड्ड्यात पाणी उरायचं तिथे भेगा पडतात. उरलेल्या डोहाला पंप लावून तो उपसणारे आहेत, स्फोटकांच्या कांड्या टाकणारेही आहेत. गळ एका वेळी एक मासा काढतो. पंप पुढच्या वर्षीचं बेणंच काढतो, कारण मृगाच्या पुरात चढणीला लागणारे मासे याच डोहांतून निघतात.

रायगडात महाडजवळ वाळण कोंड आहे. तिथला डोह देवीचा, म्हणून गावकरी त्यातले मासे मारत नाहीत, आणि महसीर तिथे डोळ्यांना दिसतो. देवाच्या नावाने जे जमलं ते शेतीच्या दर्जाच्या नावाने जमायला काय हरकत आहे? धरणात बीज सोडायला अनुदान मिळतं, तसं नदीतला एक डोह राखणाऱ्या गावालाही मिळावं. सिंदफणा गोदावरीला मिळते त्या मंजरथपासून सुरुवात करता येईल. तिथे संगम आहे, दोन्हींकडून येणारं पाणी आहे, आणि दर्शनाला येणारी माणसं आधीच काठावर उभी असतात.