प्रकाशाने घडविलेले प्रतिरूप

डोळ्यांपुढील खऱ्या जगात संगणकाने रेखलेल्या आकृतींची भर घालणे, यास संवर्धित वास्तव म्हणतात. आभासी वास्तवात खरे जग झाकले जाते. येथे ते तसेच राहते आणि त्यातच नवी वस्तू दिसू लागते. अमेरिकन शास्त्रज्ञ आयव्हन सदरलंड ह्यांनी १९६८ मध्ये डोक्यावर बसविण्याचे असे दृश्ययंत्र सिद्ध केले. त्यातून तारेच्या सांगाड्यासारख्या रेखाकृती खोलीत तरंगताना दिसत.

आता अशा यंत्रातून दूरस्थ व्यक्तीची आकृतीही समोर उभी करता येते. ती व्यक्ती हात हलवील तसा आकृतीचा हात हलतो. ह्या आकृतीस 'अवतार' ही संज्ञा आहे. अवतार म्हणजे खाली उतरणे. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतील संगणक-खेळांच्या रचनाकारांनी हा संस्कृत शब्द स्वीकारला.

अवताराची रचना हे केवळ चित्रकाराचे काम नव्हे. आकृती सबंध असावी की नुसते डोके व हात पुरेत? चेहरा हुबेहूब असावा की व्यंगचित्रासारखा? ह्या प्रश्नांची उत्तरे प्रयोगानेच मिळतात. दोन व्यक्तींना दूर राहून एकच काम करावयास देतात, अवतार पालटीत जातात आणि जोडीदार येथेच असल्यासारखे कितपत वाटले, हे विचारतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा एका अभ्यासात सबंध देहाचा, वास्तवसदृश अवतार सर्वांत सरस ठरला. मात्र कामाच्या स्वरूपानुसार अर्ध्या देहाचा किंवा व्यंगचित्रासारखा अवतारही चालू शकेल, असे दिसून आले. त्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी संगणकाने चालविलेली मानवाकृती खुर्चीवर बसलेली दाखविली. आकृती प्रकाशाचीच होती. तरीही यंत्र घातलेल्यांपैकी कोणीही त्या खुर्चीवर बसले नाही.

ज्या आकृतीचा मनावर इतका प्रभाव पडतो, तिच्यातील दोष क्षुल्लक मानता येत नाही. असा एक दोष काचेतच आहे. सायंकाळी दिवा लावलेल्या खोलीत खिडकीच्या काचेसमोर उभे राहून पाहावे. पांढरा सदरा काचेत स्पष्ट दिसतो. काळ्या केसांच्या जागी मात्र बाहेरचेच दृश्य दिसते. पारदर्शी दृश्ययंत्राचेही तसेच आहे. ते बाहेरच्या प्रकाशात आपला प्रकाश मिसळते, परंतु बाहेरचा प्रकाश पुसून टाकू शकत नाही. म्हणून त्याला काळा रंग दाखविता येत नाही आणि गडद रंग अर्धपारदर्शक होतात.

परिणामी गोऱ्या व्यक्तीचा अवतार ठसठशीत, तर सावळ्या व्यक्तीचा अवतार विरळ दिसतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १६० व्यक्तींना कमीअधिक पारदर्शक चेहरे दाखविण्यात आले. चेहरा जितका पारदर्शक, तितका तो पाहणाऱ्यांना कमी मानवी वाटला. कोणाच्याही मनात भेदभाव नसताना केवळ यंत्राच्या घडणीमुळे असा अन्याय घडू शकतो.

खोलीतील उजेड मंद केल्यास किंवा काचेस गडद आवरण लावल्यास दोष कमी होतो. कॅमेऱ्याने टिपलेले दृश्य आतील पडद्यावर दाखविणाऱ्या यंत्रांत तो उद्भवत नाही, कारण तेथे प्रत्येक बिंदूचा रंग संगणकच ठरवितो. तथापि पहिला उपाय हाच की, अवताराची परीक्षा सर्व वर्णांच्या चेहऱ्यांवर आणि निरनिराळ्या उजेडात घेतली जावी.